दोन पेन्सिल सेलांवरचा सह्याद्री

यंदाचा अख्खा श्रावण मी नकाशे डाउनलोड करण्यात घालवला. हिनं एकदा विचारलं, "कुठं जायचंय?" मी म्हणालो, "ते अजून ठरायचंय." जायचं कुठं याचा पत्ता नसताना कोणत्या नकाशानं जायचं यावर तीन आठवडे डोकं खपवणाऱ्या नवऱ्याकडे तिनं क्षणभर पाहिलं आणि ती नारळ खवायला निघून गेली.

या सगळ्याला कारण माझी पन्नाशी. ट्रेकच्या जुन्या मित्रांनी वर्गणी काढून मला हातात धरायचं जीपीएस भेट दिलं. साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं, दोन पेन्सिल सेलांवर चालणारं, पडदा जेमतेम दोन-सव्वादोन इंचांचा. घरात त्याला सगळे 'ठोकळा' म्हणतात. "फोन असताना हे कशाला?" असं सोसायटीतल्या प्रत्येकानं तेव्हापासून एकदा तरी विचारलंय. याचं उत्तर आषाढाच्या पावसात नाणेघाट चढून पाहिल्याशिवाय पटायचं नाही. फोन ओल्या बोटाला ओळख देत नाही. पडद्यावर पडलेला थेंब मात्र त्याला बोट वाटतो आणि थेंबाच्या सांगण्यावरून तो थेट ऑफिसातल्या साहेबांना फोन लावतो. ठोकळ्याला बटणं आहेत. दाबलं की दाबलं गेल्याचं अंगठ्याला कळतं. शिवाय सेल संपले तर घाटपायथ्याच्या किराणा दुकानात, बिस्किटांच्या पुड्यांमागे, दुसरे मिळतात.

उणं एवढंच होतं, की ठोकळ्यात नकाशा असा नव्हताच. म्हणजे जगाचा म्हणून एक होता. त्यात पुणे-मुंबई रस्ता होता, पुणे-नाशिक रस्ता होता आणि मधे सगळं पांढरं. हरिश्चंद्रगड नाही, रतनगड नाही, घाटमाथा नाही, कोकण नाही. गावजेवणाला बोलवावं आणि पत्रावळीवर मीठ वाढून यजमानानं हात धुवावेत, तसं काहीसं. त्या पांढऱ्यावर मी मात्र एका काळ्या त्रिकोणाच्या रूपात अचूक उभा असायचो. वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह मला सांगत होते, की मी नक्की कुठं आहे. फक्त ते 'कुठं' म्हणजे कुठं, हे कुणी सांगत नव्हतं.

मग नकाशाची स्थळं बघायला सुरुवात झाली.

पहिलं स्थळ घरंदाज: सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट. घराणं १७६७ चं, वास्तव्य देहरादून. माझ्या पिढीतल्या डोंगरवेड्यांना टोपोशीट या शब्दानं अजूनही थोडं सावरून बसावंसं वाटतं. कळसूबाईचं शीट ४७ ई/१०, हे आम्हाला स्वतःच्या रेशनकार्डाच्या नंबरापेक्षा पक्कं पाठ. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, वीस-वीस मीटरांवर सारखी उंची जोडणारे तपकिरी कंटूर, विहिरीला निळा ठिपका, देवळाला देवळाचं चिन्ह. हे शीट ज्यांनी केलं ते तिथं पायी गेले होते, हे त्याच्याकडे बघूनच कळतं. जिथं कडा आहे तिथं कंटूर एकमेकांना चिकटतात आणि मग कारागीर सरळ कड्याचं चित्र काढून मोकळा होतो. बघणाऱ्यानं काय ते समजावं. पूर्वी ही शीटं मिळवायची म्हणजे अर्ज, ओळखपत्र आणि 'नकाशा कशासाठी हवा' या रकान्यापुढे लाजत लिहिलेलं 'गिर्यारोहण'. २०१७ मध्ये त्यांची खुली आवृत्ती आधार क्रमांक दिला की फुकट उतरवता येऊ लागली. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण चाळीस वर्षं चोरून प्यालेला चहा डॉक्टरांनी एकदम औषध म्हणून लिहून द्यावा, तसं काहीतरी वाटलं खरं.

खुली आवृत्ती हाताशी असताना मी काय केलं असेल? माळ्यावरच्या नळकांड्यातलं माझं जुनं, घड्यांवर फाटलेलं, चहाचा डाग पडलेलं हरिश्चंद्रगडाचं शीट काढलं आणि स्कॅन करून ठोकळ्यात घातलं. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. ठोकळ्याला अख्खं चित्र गिळवत नाही, त्याला तुकडे करून भरवावं लागतं, तेही मोजून शंभर. चार रात्री मी लहान मुलाला पोळी मोडून द्यावी तसा तो नकाशा मोडत बसलो होतो. आणि मार्गशीर्षातल्या एका पहाटे तो घेऊन कोकणकड्याच्या टोकाशी जाऊन उभा राहिलो. पोटावर झोपून खाली डोकावण्याआधी सहज ठोकळ्याकडे पाहिलं, तर मी कड्याच्या बाहेर होतो. थोडासा नव्हे, चांगला शंभर-सव्वाशे मीटर वायव्येला, कोकणाच्या हवेत, ढगाशेजारी.

दोष शीटाचा नव्हता, ठोकळ्याचाही नव्हता. तो होता माझा आणि थोडासा १८३० सालचा. पृथ्वी काही चेंडूसारखी गोल नाही, ती जराशी बसकी आहे. ती नेमकी किती बसकी, हे ठरवल्याशिवाय अक्षांश-रेखांशांना अर्थ येत नाही. विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासला भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून डोंगरोडोंगरी चढवत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. मोजणी पुढं नेली ती जॉर्ज एव्हरेस्टनं, ज्याचं नाव नंतर शिखराला चिकटलं. या मोजमापांमधून एव्हरेस्टनं १८३० मध्ये पृथ्वीचा जो आकार काढला, तो भारताच्या अंगावर बेतलेला होता. घरच्या शिंप्यानं शिवलेल्या सदऱ्यासारखा. उपग्रहांनी १९८४ चा आकार घेतला, तो साऱ्या जगाला मिळून एक, तयार कपड्यांच्या दुकानातला. दोन्ही सदरे आपापल्या जागी ठीक. पण एकाच्या काजात दुसऱ्याचं बटण घातलं, की सह्याद्रीत माणूस इतका वायव्येला सरकतो. ठोकळ्याच्या सेटिंगमध्ये यासाठी एक ओळ असते. ती मी वाचली नव्हती. नव्या खुल्या शीटांना तिची गरजही पडत नाही, कारण ती उपग्रहांच्याच सदऱ्यात येतात. पण मला चहाच्या डागाचा मोह पडला होता.

इथं एक आठवण सांगून टाकतो. १ मे २००० ला, म्हणजे नेमक्या महाराष्ट्रदिनी, अमेरिकेच्या अध्यक्ष क्लिंटननी जाहीर केलं, की नागरिकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक आता काढून टाकतोय. तोवर ती चूक शंभर मीटरांपर्यंत असायची. जगाला शंभर मीटरांची चूक माफ झाली, आणि तिच्यावर थोडी भर घालून मी ती चार रात्री जागून, आपल्या हातांनी पुन्हा बनवली.

दुसरं स्थळ अगदी उलट. घराणं नाही, मानपान नाही, हुंडा नाही. ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट या माणसानं सुरू केलेला, कुणीही यावं आणि भर घालावी असा नकाशा. ज्याला जी वाट माहीत ती त्यानं काढायची. वारीतल्या दिंडीसारखा कारभार. त्यावरून ठोकळ्यात भरायच्या फायली करणारी मंडळी निरनिराळी. कुणी सायकलवाल्यांसाठी करतो, कुणी चालणाऱ्यांसाठी, आणि प्रत्येकाचे रंग वेगळे. एकाच्या नकाशात पायवाट लाल तुटक, दुसऱ्याच्यात काळी ठिपकेदार, तिसऱ्याच्यात इतकी फिकट की ती वाट आहे की पडद्यावरचा ओरखडा, हे पाहायला मी चष्मा कपाळावर चढवतो. खरं सांगतो, माझे दोन आठवडे या रंगांत गेले. उन्हात कोणता दिसेल हे पाहायला मी भर दुपारी गच्चीवर जायचो. शेजारच्या काकूंनी हिला विचारलं म्हणे, की हल्ली ऑफिसचं टेन्शन फार आहे का.

या नकाशावर वाटा भरपूर. नळीची वाट आहे, तोलार खिंड आहे, पाचनईची वाट आहे. आणखीही पुष्कळ आहेत, आणि गोम तिथंच आहे. काही वाटा चालून आलेल्यांनी काढल्यात, काही घरी बसून उपग्रहाच्या फोटोत बारीक पांढरी रेघ दिसली म्हणून. फोटोत माणसाची वाट आणि ढोरवाट सारखीच दिसते. डोंगरात चाललेल्या कुणालाही विचारा, ढोरवाट ही काय चीज आहे ते. सुरुवातीला इतकी मळलेली, इतकी खात्रीची, की हीच राजवाट वाटावी. पण गाईला गडावर जायचं नसतं. तिला हिरवं गवत हवं असतं आणि संध्याकाळी गोठा. त्यामुळे ती वाट अर्धा तास रुबाबात चढते आणि मग एका कारवीच्या रानात सात-आठ फाटे फोडून विरून जाते. गाय तिथं चरायला थांबलेली असते. आपण तिथं नकाशा बघत थांबतो.

शिवाय नावं. माझ्या ठोकळ्याला देवनागरी येत नाही. म्हणून नकाशा तयार करताना कुठलासा प्रोग्रॅम 'हरिश्चंद्रगड' रोमन लिपीत उतरवतो, आणि उतरवताना प्रत्येक अक्षरातला 'अ' खाऊन टाकतो. मराठीत 'अ' लिहायचा नसतो, धरायचा असतो, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तर पडद्यावर जे येतं ते साधारण 'ह्रिश्च्न्द्र्ग्ड्ड' असं वाचावं लागतं. घशात काटा अडकलेल्या माणसानं गडाचं नाव घ्यावं, तसं. पहिल्या दिवशी खूप हसलो. नंतर ते इतकं अंगवळणी पडलं, की एकदा पेपरातलं नाव मोठ्यानं वाचताना माझेच 'अ' गळाले.

कंटूरचं निराळंच. या फुकट नकाशांवरचे कंटूर बहुधा अंतराळातून आलेले असतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर हे अंतराळयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि त्यानं रडारनं बहुतेक जमिनीची उंची मोजली. आपण तोलार खिंडीत एक दिवस वाट चुकतो, त्यांनी अकरा दिवसांत जग मोजलं. पण ती मोजणी चौकटींची. आधी सगळ्यांना मिळाली ती साधारण नव्वद मीटरांच्या चौकटीला एक उंची, नंतर तीस मीटरांची. पश्चिम महाराष्ट्रातला कडा नव्वद मीटरांच्या चौकटीत बसवला, की त्याचा उतार होतो. कोकणकडा त्या कंटूरांवर अगदी समजूतदार दिसतो. हातात काठी घेऊन, गप्पा मारत उतरून जावं असा. म्हणजे एका नकाशानं मला कड्याबाहेर हवेत उभं केलं आणि दुसरा म्हणतो, कडा असा काही नाहीच, या खाली.

तिसरं स्थळ विकतचं होतं. चकचकीत, गाडीवाल्यांचं. त्यात हॉटेलं, पेट्रोलपंप आणि टोलनाके होते. खिरेश्वरपाशी रस्ता संपला की त्याचा उत्साहही संपायचा. ते आम्ही पोह्यांवरच परत पाठवलं.

"काका, मग सगळेच टाका ना," पुतण्या म्हणाला. तो अशा वेळी फार शहाण्यासारखा बोलतो आणि तिथंच घात होतो. जुन्या ठोकळ्यांमध्ये नकाशाच्या फायलीला ठरावीक एकच नाव द्यावं लागायचं, म्हणून एका वेळी एकच नकाशा मावायचा. निवड आपोआप व्हायची. आता कितीही टाका. मी सगळे टाकले. मग ते एकमेकांवर रेखाटले जाऊ लागले. पडद्यावर तीन तोलार खिंडी आल्या, एकमेकींपासून हातभर अंतरावर. वाडीच्या दोन आवृत्त्या आल्या. जिला पारदर्शक म्हणून घेतलं होतं, त्या कंटूरच्या जाळीखाली बाकी सगळं दिसेनासं झालं. एकेक नकाशा बंद-चालू करायची सोय असते. ती वापरत वापरत मी डोंगरात चालू लागलो. वळणावर थांबायचं, मेनू उघडायचा, शीट बंद, फुकटवाला चालू, बरं नाही वाटत, फुकटवाला बंद, शीट चालू. पुढं गेलेले मित्र चहा करून, पिऊन, भांडी धुऊन वाट बघत बसलेले असायचे. एकानं विचारलं, "काय रे, सापडलास का?"

पौषात आम्ही माळशेजच्या बाजूच्या एका वाडीत उतरलो होतो. वाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही, का ते पुढे येईलच. तिथून घाटमाथ्यावर जाणारी एक नाळ आहे. सोबतीला वाडीतले मामा. मामा म्हणायचं ते रीत म्हणून, वयानं ते माझ्याएवढेच असावेत. पायांनी पंचविशीतले. नाळेत दोन्ही बाजूंना कातळ, वर आभाळाची चिंधी. अशा ठिकाणी उपग्रह कमी दिसतात, आणि जे दिसतात त्यांचे संदेश कातळावर आपटून, वळसा घालून येतात. त्यामुळे ठोकळ्यावरचा मी डावीकडच्या कड्यात घुसत होतो, उजवीकडच्या कड्यातून बाहेर पडत होतो. मामा एका धोंड्यावर बसून हे बघत होते.

"ह्यात आमची वाडी हाय का?"

दाखवली. फुकटच्या नकाशात वाडी होती, पण नाव शेजारच्या वाडीचं. मामांनी मान हलवली. ते नवीन नव्हतं, सरकारी कागदांवरही तसंच असतं म्हणाले. मग मी शीट चालू केलं. तेच जुनं, सेटिंग दुरुस्त केलेलं. त्यात वाडी होती, पण भलतीकडे. आताच्या घरांपासून अर्धा कोस वर, जंगलात. सात-आठ लाल ठिपके. मी म्हणालो, "हे चूक आहे मामा, हा नकाशा फार जुना आहे."

मामांनी ठोकळा हातात घेतला. उन्हाकडे पाठ केली, डोळे बारीक केले. मग ते त्या ठिपक्यांवरून नखानं एकेक करत गेले.

"ही जुनी वाडी. आज्याच्या येळची. पानी आटलं म्हनून खाली आले समदे. हे आमचं घर असंल बगा, कडंचं. आमच्या आईचं लगीन तितंच लागलं." बराच वेळ त्यांनी ठोकळा परत दिला नाही. मेनू उघडण्याचा, नकाशा बदलण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या सगळ्या नकाशांतला सगळ्यात चुकीचा त्यांना पसंत पडला होता.

वर जाताना त्यांनी ते ठिकाण दाखवलं. जोत्याचे दगड, एक पडकं उखळ, आंब्याचं झाड. तिथून थोडं आडबाजूला, कातळाच्या पोटात, झाडोऱ्यानं झाकलेलं एक टाकं होतं. पाणी इतकं गार आणि गोड, की आम्ही पालथे पडून प्यालो. "आटलं म्हणालात ना?" मी विचारलं. "मागनं फुटलं परत," मामा म्हणाले. "आता मेपातूर ऱ्हातंय. गुरं घिऊन येतो आम्ही, तवा हेच पितो."

माझा अंगठा सवयीनं चालला. ठिकाणाची खूण करायचं बटण दाबलं. पडद्यावर झेंडा आला, खाली आपोआप आकडा: ०४७. आता नाव द्यायचं, चिन्ह निवडायचं. पाण्याचं चिन्ह कोणतं, हे मी शोधत होतो.

"त्यात घातलं का?" मामांनी विचारलं.

"खूण केली नुसती. पुढच्या वेळी सापडायला."

"तुमाला सापडू द्या की. पन त्यात घालू नगा." मग थोडं थांबून म्हणाले, "वरल्या टाक्याचं काय झालं ते बगितलंय ना?"

बघितलं होतं. गडावरच्या त्या टाक्यात गेल्या सुट्टीत मॅगीचे कागद तरंगत होते, आणि एक जण पाय सोडून बसला होता. मी चिन्ह न निवडताच मेनू बंद केला.

घरी आल्यावर पुतण्यानं ठोकळा कॉम्प्युटरला जोडला. चाललेल्या वाटेची निळी रेघ पडद्यावर उमटली. नाळेत ती दारू प्यायल्यासारखी दोन्ही कड्यांत शिरलेली होती, ते बघून तो पोट धरून हसला. वाडीचं नाव दुरुस्त करायला मी त्याला सांगितलं. त्यानं लगेच त्या ओपनस्ट्रीटमॅपवर केलं, देवनागरीत, सगळ्या 'अ'सकट. जुन्या वाडीची जोती पण टाकली. त्यांनाही चिन्ह असतं म्हणे.

"आणि हा शून्य-चार-सात काय आहे, काका? नाव नाही, काही नाही. जंगलात मधेच."

"बटण दाबलं गेलं असेल चुकून."

"उडवू?"

"राहू दे," मी म्हणालो. "जागा कुठं खातोय."